भाडेकरूंची खुर्ची

४ फेब्रुवारी

मॉडेलमध्ये आमची बिल्डिंगच नाही! तिच्या जागी बाग. स्पंजची झाडं, एक बाकडं, बाकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा माणूस.

महापालिकेच्या हॉलमध्ये सभा होती, टेबलावर उद्याच्या शहराचं मॉडेल. शहराचं घरांचं धोरण ठरवायचंय म्हणे, त्यासाठी कृती गट नेमणार आहेत. त्यात एक खुर्ची भाडेकरूंची. ती मावशीला मिळणार हे आमच्या बिल्डिंगने आधीच ठरवून टाकलंय, म्हणून झाडून सगळे गेले होते. मावशी भाडेकरू संघटना चालवते. घरमालकाला कोर्टात खेचलंय तिने. महापालिकेतले साहेब लोक तिला जिन्यात बघितलं की लिफ्टने जातात.

मी दुकानातून कमोड नेला होता. खरा नाही! आम्ही नळ, बेसिन, कमोड विकतो, मोठ्या गिऱ्हाइकाला कीचेन फुकट देतो – अंगठ्याएवढा पांढरा कमोड, झाकणसुद्धा उघडतं. साहेबांचं भाषण चालू असताना हळूच जाऊन तो बागेत ठेवला. त्याच्यापुढे काड्यापेटीतल्या काड्या खोचल्या, एकामागे एक. रांग. मग साहेब म्हणाले, 'चला, आता प्रत्यक्ष मॉडेल बघू या,' आणि सगळे टेबलाभोवती आले.

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, 'हे कुणी केलं?' मी हात वर केला. म्हटलं, 'साहेब, इथे आमची बिल्डिंग आहे. आता आम्ही झाडांवर राहायचं ना? मग खाली उतरल्यावर हे लागेलच की.'

हॉल फुटला! साहेब पण हसले. पुढच्या रांगेत एक सुटातला माणूस होता, त्याच्या अत्तराचा वास पार दारापर्यंत – तो तर डोळे पुसत होता. बाहेर पडताना कारकून बाईंनी माझं नाव विचारून घेतलं. मला वाटलं, झालं, आता पोलीस.

मावशी हसली नाही. रस्त्यात म्हणाली, 'तो अत्तरवाला बिल्डर आहे. मालकाकडून आपली जागा तोच घेणारे.' मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत चालली. म्हटलं, 'काय गं?' तर म्हणे, 'काही नाही. पुढे बघून चाल, खड्डा आहे.'

७ फेब्रुवारी

काकांना काम मिळालं. काका म्हणजे मावशीचे यजमान, रंगारी. पाठ धरलीये म्हणून बरेच दिवस घरीच होते. काम काय – घरमालकाचा निरोप आला, आपल्याच बिल्डिंगवर पाटी रंगवायची. 'धोकादायक इमारत. आत राहणाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर राहावे.'

काकांनी रंगवली. मावशी म्हणाली, 'लाज नाही वाटली?'

'नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने रंगवली असती. आणि त्याने "जबाबदारी" चुकीचं लिहिलं असतं.'

अक्षर सुंदर आलंय. लाल रंग, खाली पांढरी छाया दिलीये. लोक थांबून बघतात.

१० फेब्रुवारी

मावशी आज नाव द्यायला महापालिकेत गेली. इस्त्रीचे कपडे, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. जिन्याला लोखंडी टेकू लावलेत, त्यांच्या मधून वाकून वाकून सगळी बिल्डिंग तिला सोडायला खाली आली. दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली म्हणाली, 'मावशी, खुर्ची घेऊनच या!' मी म्हटलं, 'नुसती खुर्ची नको, टेबल पण बघ जमलं तर.'

संध्याकाळी विचारलं, 'दिलं का नाव?'

'दिलं.'

'काय म्हणाले?'

'घेतलं.'

एवढंच. एरवी महापालिकेत जाऊन आली की तिची टकळी थांबत नाही. बहुतेक दमली असेल.

१९ फेब्रुवारी

मला नेमलं!!

दुकानात होते. एका बाईला शॉवर दाखवत होते – दाखवायचा शॉवर, त्याला पाणी नाही, मी तोंडाने 'फुस्स' करून दाखवते. तेवढ्यात फोन. 'अभिनंदन. शहर गृहनिर्माण धोरण कृती गटावर भाडेकरू प्रतिनिधी म्हणून आपली निवड झाली आहे.'

म्हटलं, 'मावशी हवीये ना? ती घरी आहे.'

'नाही, आपणच. आपलं नाव आलं होतं. आणि सभेत साहेबांनी आपल्याला पाहिलंच आहे. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला.'

मी आधी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. मग पुन्हा आला.

आमचा दुकानमालक टोप घालतो, म्हणून त्याचं नाव टोप. तो म्हणाला, 'तू? धोरण? दहावी दोनदा आपटलेली तू?' मी म्हटलं, 'धोरणाला कुठे दहावी लागते? डोक्यावर केस असले की बास.' मग तासभर मागच्या खोलीत टाइल्स मोजायला लावल्या.

घरी कसं सांगायचं कळेना. मावशी धुणं वाळत घालत होती. म्हटलं, 'मावशी, ते… मला घेतलंय.' ती थांबलीच नाही. एक टॉवेल झटकला, घातला, चिमटा लावला. 'बरं झालं,' म्हणाली. 'आता नीट बस तिथे.'

आवाजात काही नव्हतं. तेच तर! तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जिन्यात शिवणवालीने गाठलंच. 'मावशीच्या ताटातलं ओढलंस गं.' मावशी वरून ओरडली, 'तिच्या ताटाचं मी बघते, तू तुझं शीव!' माझी बाजू घेतली! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी

आज डोक्यात उजेड पडला. मला घेतलं म्हणजे तिला घ्यावं लागलं नाही. खुर्ची भाडेकरूला दिली, कुणी बोंब मारू शकत नाही, आणि वर बसायला मिळाली कोण, तर कमोडवाली पोरगी. डोकं चांगलंय त्यांचं. एवढं डोकं घरं बांधायला लावलं असतं तर!

३ मार्च

पहिली मीटिंग. एवढी मोठी खोली, आमचा अख्खा मजला मावला असता. खुर्च्यांना चाकं. मी बसल्या बसल्या एक गिरकी मारून घेतली.

नऊ जण. अध्यक्ष म्हणजे कुणी रिटायर्ड अधिकारी, पानं वाचता वाचता डुलक्या घेतात – नाव ठेवलं डुलकी. अत्तरवाला माझ्या समोरच. एक प्राध्यापक बाई, मी तोंड उघडलं की लिहून घेतात. बाकीचे नुसते बसलेले.

काम एकच आहे खरं तर. धोकादायक बिल्डिंग पाडली की भाडेकरूला त्याच जागी घर द्यायचं, की हातावर पैसे ठेवून वाटेला लावायचं. एप्रिलमध्ये मतदान. चहाला कारकून बाई म्हणाल्या, 'चार घराच्या बाजूला, चार पैशाच्या. सगळं तुमच्या हातावर आलंय बघा.'

माझा चहा सांडला. माझ्या हातावर! मला तर ते बोलतात त्यातलं अर्धं कळत नाही. अत्तरवाला म्हणतो 'व्यवहार्यता', मी मान हलवते. मावशी असती तर तिथल्या तिथे कायदा काढून तोंडावर मारला असता. तिला पाठ आहे सगळं. चार-चार म्हणजे उद्या एखादा डळमळला की घर आपलं, पण एखादा त्यांनी फोडला की गेलं. कोण फुटतंय, कोण डळमळतंय हे मला थोडंच कळणारे? तिला कळलं असतं.

कारकून बाईंना विचारलं, 'मी नाही आले तर?'

'सदस्याने सोडलं किंवा त्याला काढलं, तर राखीव नाव येतं.'

'कुणाचं आहे?'

'सांगता येत नाही हो. पण तुमच्याच भागातलं आहे, भाडेकरूच.'

म्हणजे मावशी! दुसरं कोण जातंय नाव द्यायला!

पण मी सोडून दिलं तर ती घेणार नाही. माझ्या हातचं उष्टं ती घेईल होय? 'झेपलं नाही म्हणून माझ्या गळ्यात घातलंस,' म्हणेल. मला हाकललं पाहिजे. हाकललं तर येईल, ताठ मानेने येईल.

हाकलून घेणं हे एक काम मला येतं. तीन शाळा झाल्यात.

१७ मार्च

लवकर गेले आणि टेबलावरच्या पाट्या बदलल्या. अत्तरवाल्यापुढे 'भाडेकरू प्रतिनिधी', माझ्यापुढे 'विकासक'. तो आला. बघितलं. मी तयारच होते – आता उठेल, ओरडेल, हिला बाहेर काढा म्हणेल.

'वा! आज मी भाडेकरू!' तो म्हणाला. 'मग मालकीणबाई, आमचं छप्पर कधी दुरुस्त करताय?'

सगळे खो खो. डुलकी पण जागे झाले. फोटोवाला आला होता, अत्तरवाल्याने पाटी हातात धरून फोटो काढून घेतला.

कुणी काही बोललं नाही मला. उलट चहाबरोबर बिस्किटं जास्त दिली.

१९ मार्च

फोटो पेपरात आला. अत्तरवाला हसतोय, हातात पाटी – 'भाडेकरू प्रतिनिधी'. मी मागे, दात काढून. खाली छापलंय – कृती गटात खेळीमेळीचे वातावरण.

मावशीने पेपर बघितला. घडी केली. घडीवर घडी. शेवटी हातात मावेल एवढा केला आणि खिडकीच्या फटीत घातला, वारा येतो तिथे.

मग काकांना म्हणाली, 'तिला सांगा, डबा भरून ठेवलाय.'

काका म्हणाले, 'अगं, ती तुझ्यासमोर बसलीये.'

'तरी सांगा.'

काका माझ्याकडे वळले. 'डबा भरून ठेवलाय.'

म्हटलं, 'त्यांना सांगा, कळलं.'

काकांनी दोघींकडे बघितलं आणि ब्रश धुवायला गेले.

२४ मार्च

अबोला चालूच. काकांचे हाल. मावशी म्हणते, 'तिला विचारा, तिथे बसून तोंड कशासाठी उघडतात ते माहितीये का.' काका मला सांगतात, 'मावशी विचारतेय, मीटिंग कशी चाललीये.' मी म्हणते, 'सांगा, चाललीये.' काका तिला सांगतात, 'ती म्हणते, प्रयत्न करतेय.' दोन्ही बाजूंचं धुऊन पुसून देतात. रंग देण्याआधी भिंत घासतात तसं.

तिला राग कशाचा ते मला माहितीये. तिची खुर्ची आणि मी तिच्यावर बसून गिरक्या घेतेय. थांब गं थोडं. हाकलतीलच.

३१ मार्च

आज खरा कमोड नेला! टोपला म्हटलं, 'मोठी ऑर्डर निघेल, महापालिका आहे.' त्याने स्वतः टेम्पोत चढवून दिला आणि वर दुकानाचा स्टिकर लावला, फोन नंबरसकट.

टेबलाच्या मधोमध ठेवला. डुलकींचा पेला त्याच्या मागे गेला. म्हटलं, 'आमच्या मजल्याला हा एक. घरं आठ. आता सगळ्यांनी उठून याच्यापुढे रांग करा, मला बघायचंय तुमचं व्यवहार्यता का काय ते किती वेळ टिकतं.'

वाटलं, आता तरी. टेबल पॉलिशचं होतं, ओरखडासुद्धा पडला.

टाळ्या! टाळ्या वाजवल्या त्यांनी. प्राध्यापक बाई म्हणाल्या, 'किती प्रभावी सादरीकरण! मी हे माझ्या लेखात वापरलं तर चालेल ना?' एकाने कमोडबरोबर सेल्फी काढला. रांग मात्र कुणी केली नाही.

मीटिंगमध्ये झालं ते कारकून बाई लिहून ठेवतात. त्यात मागच्या वेळचं लिहिलं होतं – 'भाडेकरू प्रतिनिधींनी वातावरण हलकेफुलके ठेवले.'

हलकंफुलकं! शाळेत निदान अंगठे धरून उभं करायचे.

१ एप्रिल

आज खरं तर माझा दिवस. कुणाचीच फिरकी घेतली नाही. टोपने आपणहून विचारलं, 'बरं नाही का?'

१० एप्रिल

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

आज घर की पैसे यावर चर्चा होती. मतदानाआधीची शेवटची. मी ठरवलं, आज असं करायचं की डुलकी स्वतः उठून दार दाखवतील. मला आवाज काढता येतात. महापौर रेडिओवर बोलतात ना, नाकात, शब्द ओढत – तो आवाज मी घरी पक्का केला होता. टेबलाखाली फोन धरला आणि लावला डुलकींना.

त्यांनी उचलला. 'कोण बोलतंय?'

'ओळखलं नाहीत का? झोपला होतात काय?'

डुलकी ताडकन उभे! 'नाही साहेब, छे साहेब, चर्चाच चालली होती साहेब –' आणि एक हात कोटाची गुंडी लावतोय. फोनवर! सगळे बघताहेत. मग अत्तरवाल्याने माझ्या टेबलाखाली वाकून बघितलं.

मी म्हटलं, सुटले! उद्या मावशी इथे.

आणि डुलकी हसायला लागले. खुर्चीत बसून, पोट धरून. 'हुबेहूब! अगदी हुबेहूब! अहो, मी घामाघूम झालो!'

अत्तरवाला म्हणाला, 'आणखी कुणाचे काढता येतात?'

'आयुक्तांचा काढा ना!'

'उपमहापौर, उपमहापौर!'

आणि मी काढले.

मी काढले! आयुक्त काढले, उपमहापौर काढले, ते निवडणुकीत पडलेले जुने आमदार काढले. प्राध्यापक बाईंनी डोळे पुसले. अत्तरवाला म्हणाला, 'पुन्हा एकदा ते आयुक्तांचं,' आणि मी पुन्हा एकदा केलं. एवढी माणसं तुमच्याकडे बघून हसायला लागली ना, की थांबवत नाही. कुणालाच थांबवणार नाही.

मग डुलकींनी घड्याळ बघितलं. 'अरे! वेळ संपला की. घरांचा विषय चर्चेसाठी राहिला. असो, सगळ्यांनी पानं वाचलीच आहेत. आता थेट मतदानच घेऊ.'

आठ लोक उठले, बॅगा उचलल्या. कारकून बाई लिहीत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

११ एप्रिल

'तिला सांगा,' मावशी म्हणाली, 'काल काय झालं ते मला कळलंय.'

काका म्हणाले, 'मावशी म्हणतेय –'. पहिल्यांदाच त्यांना काही घासूनपुसून देता येईना.

शिवणवालीने आणि मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने मालकाचे पैसे घ्यायचं ठरवलंय म्हणे. ती पोरगी हात वर करेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, असं म्हणाले.

१४ एप्रिल

बास. हाकलत नाहीत तर नाहीत. मीच सोडते. मावशी उष्टं म्हणेल, म्हणू दे. मतदानाला ती बसली की झालं. नंतर जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

राजीनामा द्यायला गेले. डुलकी हळहळले. 'असं करू नका हो. तुमच्याशिवाय मीटिंगला मजा नाही.' खरंच वाईट वाटलं त्यांना. तेच जास्त झोंबलं.

अत्तरवाला तिथेच बसला होता. तो एकटाच म्हणाला, 'त्यांची इच्छा असेल तर घ्या ना. वेळ कशाला घालवायचा?' आणि स्वतःचं पेन काढून दिलं मला. चला, निदान एकाला तरी मी नकोशी झाले! सही करताना एवढं बरं वाटलं.

मीटिंगच्या दिवशी नवा सदस्य थेट येऊन बसणार, म्हणाले.

घरी काही सांगितलं नाही. महापालिकेतून तिला कळेल तेव्हा कळेल. चेहरा बघायचाय मला तिचा.

२१ एप्रिल

उद्या मतदान. मावशीने इस्त्री केली. काका म्हणाले, 'कुठे?' ती म्हणाली, 'महापालिकेत.'

मी भिंतीकडे तोंड करून हसले. पुष्कळ दिवसांनी.

२२ एप्रिल

टोपला पोट दुखतंय सांगून निघाले. मावशीच्या मागे मागे, लांबून. ती जिना चढली, त्या खोलीच्या दारातून आत गेली. मी दाराच्या काचेतून बघत होते. म्हटलं, आता चालत चालत टेबलापर्यंत जाईल, खुर्ची ओढेल.

ती मागच्या भिंतीला लावलेल्या बाकावर जाऊन बसली. लोकांनी बसून बघायचं असतं तो बाक. पिशवी मांडीवर घेतली आणि टेबलाकडे बघायला लागली. मलाच शोधत होती.

माझ्या खुर्चीत एक गोरा पोरगा बसला होता. मोबाइल बघत. ओळखला मी. आमच्या घरमालकाचा भाचा! मालकाने त्याला तळमजल्यावरची खोली दिलीये, कागदावर भाड्याने. गाडी ठेवतो तो तिथे. भाडेकरू!

डुलकी म्हणाले, 'त्याच जागी घर – कोण बाजूने?' चार हात. 'पैसे?' भाच्याचा हात सगळ्यात आधी वर. मोबाइल दुसऱ्या हातात.

मी दार ढकललं आणि आत घुसले. ओरडले, 'हा भाडेकरू नाही! हा मालकाचा भाचा आहे! त्या खोलीत गाडी राहते, माणूस नाही! खोटं आहे हे सगळं!'

सगळे वळले.

मग डुलकींचा चेहरा फुलला. 'आल्या! आल्या आमच्या युवा प्रतिनिधी! मी म्हटलं होतं ना, येणार म्हणून!'

हसले सगळे. मी आणखी ओरडले, ते आणखी हसले. प्राध्यापक बाईंनी वही उघडली. अत्तरवाला म्हणाला, 'हा कुणाचा आवाज आहे? ओळखू येत नाहीये.'

माझा होता. माझाच होता तो.

मागे बघितलं तर बाक रिकामा.

२३ एप्रिल

आज काकांना मध्ये घेतलं नाही. थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, 'मी तुझ्यासाठी सोडली खुर्ची. राखीव नाव तुझं होतं. त्यांनी ते खोडून भाच्याचं घातलं. आपण कोर्टात जाऊ.'

मावशी पण थेट बोलली. माझ्याकडे बघून.

'माझं कुणी खोडलं नाही. मी माझं दिलंच नव्हतं. फेब्रुवारीत गेले ते तुझं नाव द्यायला.'

ती पुढे म्हणाली, 'मला बघितलं की ते दारं लावून घेतात. तुला आपणहून आत घेतील, हे मला त्या सभेतच दिसलं होतं.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'सांगितलं असतं तर तू माझ्यासारखी बोलली असतीस. मला तिथे तू हवी होतीस.'